टोरांटोचें विश्वविद्यालय

वरच्या वर्गांतील विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्या तोंडीं अलीकडे कॅनडा देशाचें नांव वारंवार ऐकूं येतें. कोणाचा मावसभाऊ तिकडे गेलेला असतो, कोणाच्या शेजाऱ्याच्या मुलीस तेथें नोकरी लागलेली असते; आणि मग 'आमच्या चिरंजिवांस तिकडे पाठवावें काय?' असा प्रश्न शिक्षकांपुढें येऊन उभा राहतो. प्रश्न दिसावयास लहान, परंतु त्याच्या उत्तरावर कित्येक घरांतील जन्माची शिल्लक व प्रसंगीं वाडवडिलांची जमीनहि अवलंबून असते. तेव्हां ऐकीव गोष्टींवर विसंबून न राहतां त्या देशांतील सर्वांत मोठ्या विद्यापीठाची, म्हणजे टोरांटो विश्वविद्यालयाची, थोडी तपशीलवार ओळख करून द्यावी ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे. एका विद्यापीठाचा नीट विचार केला म्हणजे इतरांविषयीं काय विचारावयाचें हेंहि आपोआप कळूं लागतें.

टोरांटो शहर आँटेरिओ नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तर तीरावर वसलें आहे. सरोवर म्हटलें तरी त्याचा पलीकडचा कांठ नजरेस पडत नाहीं, त्यामुळें कोंकणांतून गेलेल्या मनुष्यास प्रथमदर्शनीं समुद्राचाच भास व्हावा. मात्र पाणी गोडें, आणि हिवाळ्यांत कांठाला बर्फ. हा सारा मुलूख पूर्वीं ह्युरॉन-वेंडाट, सेनेका व मिसिसॉगा ह्या मूळच्या लोकांचा. विद्यापीठ आपल्या समारंभांच्या आरंभीं ह्या गोष्टीचा जाहीर उल्लेख करतें. कबुली उशिराची असली तरी ती दिली जाते, हें नमूद केलें पाहिजे.

ह्या विद्यापीठाची जन्मकथा मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्यांस विशेष मनोरंजक वाटेल, कारण ती आरंभापासून धर्मपंथांच्या भांडणाची कथा आहे. १८२७ सालीं इंग्लंडच्या राजाची सनद मिळवून जॉन स्ट्रॅकन ह्या आंग्लिकन धर्मगुरूनें येथें 'किंग्ज कॉलेज' स्थापन केलें. स्ट्रॅकन मोठा करारी, हुशार आणि तितकाच हट्टी गृहस्थ होता. सरकारच्या जमिनीवर चालणारें हें कॉलेज इंग्लंडच्या चर्चच्याच ताब्यांत असावें, असा त्याचा आग्रह. पण त्या वसाहतींत मेथॉडिस्ट होते, स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन होते, रोमन कॅथॉलिक होते. 'जमीन सर्वांची आणि कॉलेज एकाचें, हें कसें?' असें ते विचारूं लागले. वाद इतका लांबला कीं सनद मिळाल्यापासून पहिला वर्ग भरेपर्यंत सोळा वर्षें लोटलीं. शिकवणें सुरू झालें तें १८४३ सालीं. पुढें १८५० च्या आरंभीं कायद्यानें ह्या कॉलेजाचा चर्चशीं असलेला संबंध तोडून टाकण्यांत आला आणि 'टोरांटो विश्वविद्यालय' हें नवें नांव त्यास मिळालें.

स्ट्रॅकन त्या वेळीं सत्तरी ओलांडलेला बिशप होता. दुसरा कोणी असता तर घरीं बसून हळहळला असता. हा म्हातारा जहाजांत बसून इंग्लंडास गेला, तेथें वर्गणी व सनद मिळवून परत आला, आणि 'ट्रिनिटी' नांवाचें दुसरें कॉलेज त्यानें उभें केलें! मेथॉडिस्टांचें व्हिक्टोरिया कॉलेज कोबर्ग गांवीं आधींच चाललें होतें. कॅथॉलिकांच्या बेसिलियन पाद्र्यांनीं १८५२ सालीं सेंट मायकेल्स कॉलेज काढलें. प्रेस्बिटेरियनांचें नॉक्स कॉलेज निघालें. एका लहानशा वसाहतींत इतकीं कॉलेजें, आणि प्रत्येकाजवळ पैशाची टंचाई. पदार्थविज्ञान व रसायन ह्या शास्त्रांना प्रयोगशाळा लागतात आणि प्रयोगशाळेस पैसा लागतो. तो एकट्या पंथाच्या वर्गणींतून पुरत नाहीं, हें हळूहळू सर्वांच्या ध्यानीं आलें. म्हणून १८८७ च्या कायद्यानें एक तोड काढण्यांत आली. शास्त्रें व परीक्षा विद्यापीठाकडे. भाषा, नीतिशास्त्र, धर्मशिक्षण आणि विद्यार्थ्यांचा रहिवास कॉलेजांकडे. व्हिक्टोरिया १८९० सालीं ह्या संघांत शिरलें व पुढें दोन वर्षांनीं टोरांटोस आलें, आणि स्ट्रॅकनचें ट्रिनिटी त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनीं १९०४ सालीं आंत आलें. ज्या विद्यापीठावर रुसून तें निघालें, त्याच्याच अंगणांत आज तें उभें आहे.

ही व्यवस्था आजहि चालूं आहे, आणि जाऊं इच्छिणाऱ्यानें ती समजून घेतली पाहिजे. मुख्य आवारांत कला व शास्त्र शाखेच्या प्रत्येक पदवी-विद्यार्थ्यास सात कॉलेजांपैकीं एकाचें सभासद व्हावें लागतें: युनिव्हर्सिटी कॉलेज, व्हिक्टोरिया, ट्रिनिटी, सेंट मायकेल्स, न्यू, इनिस व वुड्सवर्थ. वर्ग सर्वांचे एकत्र, पदवी एकच. परंतु वसतिगृह, सल्लागार, लहान ग्रंथालय, कांहीं शिष्यवृत्त्या व मित्रमंडळ कॉलेजाचें. लाखभर विद्यार्थ्यांच्या गर्दींत मुलगा हरवूं नये म्हणून हें एक लहान घर त्यास मिळतें. व्हिक्टोरियाच्या दरवाजावर योहानाच्या शुभवर्तमानांतील सत्याविषयींचें एक वचन दगडांत कोरलेलें आहे; पण आंत जाणाऱ्यास त्याचा धर्म आज कोणी विचारीत नाहीं. जातां जातां सांगण्यासारखें हें कीं, नॉक्स कॉलेज ज्या मंडळीचें, त्याच कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे मिशनरी १८७७ पासून इंदूर व महू ह्या बाजूस काम करूं लागले होते, आणि इंदूरचें क्रिश्चन कॉलेज हें त्यांच्याच श्रमाचें फळ होय. होळकरशाहींतील कित्येक मराठी कुटुंबांचा कॅनडाशीं पहिला परिचय असा झाला.

युनिव्हर्सिटी कॉलेजाची जुनी दगडी इमारत १८५९ सालीं पुरी झाली. ती बांधतांना दोन पाथरवटांचें एका मुलीवरून वैर जुंपलें, कुऱ्हाड चालली, आणि मेलेल्या पाथरवटाचें भूत अजून त्या इमारतींत फिरतें, अशी दंतकथा तेथील विद्यार्थी नवख्यांना मोठ्या गंभीरपणें सांगतात. दारावरील कुऱ्हाडीचा घावहि दाखवितात! भुताचें राहूं द्या. पण त्या इमारतीवर खरें संकट आलें तें १४ फेब्रुवारी १८९० च्या संध्याकाळीं. त्या दिवशीं मोठें स्नेहसंमेलन होतें. वीज नव्हती, म्हणून तेलाचे दिवे तबकांत घालून नोकर जिन्यावरून नेत होते. तबक निसटलें, दिवे पडले, आणि लांकडी जिना पेटला. ग्रंथालयांत सुमारे ३३,००० पुस्तकें होतीं. त्यांपैकीं हाताच्या बोटांवर मोजावीं अशीं थोडींच वांचलीं. परंतु इमारत पुन्हां उभी राहिली, देशोदेशींहून ग्रंथांच्या देणग्या आल्या, आणि आज ह्या विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह उत्तर अमेरिकेंतील अगदीं मोठ्या संग्रहांत गणला जातो. त्यांतील मुख्य रोबार्ट्स ग्रंथालय १९७३ सालीं उघडलें. चौदा मजल्यांची ती काँक्रीटची अवाढव्य वास्तु कित्येकांस कुरूप वाटते, आणि प्रस्तुत लेखकाचें मतहि त्याहून फारसें निराळें नाहीं. तथापि पुस्तक मागितलें आणि तें मिळालें नाहीं, असा प्रसंग तेथें क्वचितच येतो.

मुलींच्या शिक्षणाच्या बाबतींत मात्र ह्या विद्यापीठाचा आरंभींचा इतिहास फारसा भूषणावह नाहीं. एमिली स्टो नांवाच्या बाईनें प्रवेश मागितला असतां तिला नकार मिळाला. तिनें न्यूयॉर्कास जाऊन १८६७ सालीं वैद्यकाची पदवी घेतली. कॉलेजाचे वर्ग मुलींना खुले झाले ते १८८४ सालीं. त्याच सुमारास आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें वैद्यक शिकत होत्या, हें ध्यानांत घेतलें म्हणजे काळाची कल्पना येते. पुढेंहि 'हार्ट हाउस' हें विद्यार्थ्यांचें सुंदर क्रीडा व कलामंदिर, जें ११ नोव्हेंबर १९१९ रोजीं उघडण्यांत आलें, तेथें मुलींना पूर्ण सभासदत्व मिळावयास १९७२ साल उजाडावें लागलें.

आतां ज्या एका गोष्टीमुळें टोरांटोचें नांव जगाच्या कानाकोपऱ्यांत गेलें, ती सांगतों. आपल्या ओळखीच्या घरांत मधुमेहाचें दुखणें नाहीं, असा वाचक विरळाच. शंभर वर्षांपूर्वीं लहान मुलास हा रोग झाला म्हणजे आईबापांनीं आशा सोडावी, अशी स्थिति होती. डॉक्टर एकच उपाय सांगत, तो म्हणजे उपासमार. जवळजवळ अन्न तोडून मूल कांहीं महिने, फार तर एकदोन वर्षें जगवावयाचें, इतकेंच त्यांच्या हातीं होतें.

फ्रेडरिक बँटिंग हा शेतकऱ्याचा मुलगा. टोरांटोच्या व्हिक्टोरिया कॉलेजांत त्यानें प्रथम नांव घातलें आणि पहिल्याच वर्षीं तो नापास झाला! मग अर्जविनंत्या करून तो वैद्यकाच्या वर्गांत शिरला, १९१६ सालीं डॉक्टर झाला आणि लढाईवर गेला. परत येऊन त्यानें लंडन नांवाच्या गांवीं (हें लंडन कॅनडांतलें) दवाखाना थाटला. पण रोगी येईनात. ऑक्टोबर १९२० मध्यें एका रात्रीं स्वादुपिंडाविषयीं एक लेख वाचतां वाचतां त्याच्या डोक्यांत एक कल्पना आली. ह्या ग्रंथींतील पाचक रस तयार करणारा भाग आधीं निकामी केला, तर साखरेचें नियमन करणारा जो गूढ पदार्थ तिच्यांत आहे तो शाबूत हातीं लागेल काय? ही कल्पना घेऊन तो टोरांटोच्या प्रोफेसर मॅक्लिऑड ह्यांच्याकडे गेला. प्रोफेसरसाहेबांस त्याचें बोलणें फारसें पटलें नाहीं. तरी त्यांनीं एक खोली, कांहीं कुत्रीं व चार्ल्स बेस्ट नांवाचा एक तरुण विद्यार्थी मदतीस दिला आणि उन्हाळ्याच्या सुटींत ते स्कॉटलंडास निघून गेले. १९२१ चा तो उन्हाळा बँटिंग व बेस्ट ह्यांनीं उकाड्यांत व दुर्गंधींत घालविला. कित्येक कुत्रीं मेलीं. परंतु शेवटीं मधुमेही कुत्र्यांच्या रक्तांतील साखर त्यांच्या अर्कानें उतरूं लागली.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोरांटोच्या इस्पितळांत लेनर्ड टॉमसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास हा अर्क प्रथम टोंचण्यांत आला. मुलगा हाडांचा सांपळा झाला होता. पहिला प्रयोग फसला; अर्क अशुद्ध होता, टोंचलें तेथें गळूं धरलें. पुढचे बारा दिवस जेम्स कॉलिप ह्या रसायनशास्त्रज्ञानें रात्रंदिवस खपून तो अर्क शुद्ध केला. २३ तारखेस पुन्हां टोंचला, आणि मुलाच्या मूत्रांतील साखर जवळजवळ नाहींशी झाली. तो मुलगा पुढें तेरा वर्षें जगला. हेंच तें इन्शुलिन.

ह्या कथेचा उत्तरार्धहि विद्यार्थ्यांनीं ऐकावा. १९२३ सालीं नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड ह्या दोघांस मिळालें. आपल्या सोबत्यास वगळलें म्हणून बँटिंग संतापला. त्यानें आपल्या वांट्याची अर्धी रक्कम बेस्ट ह्यास दिली, आणि मग मॅक्लिऑडनेंहि आपली अर्धी कॉलिप ह्यास दिली. संशोधनाचे दिवसांत ह्या मंडळींचें आपसांत पटत नसे. बँटिंग व कॉलिप ह्यांची एकदां हातघाई झाली असेंहि सांगतात. म्हणजे हे कोणी देवदूत नव्हते. पण इन्शुलिनचे हक्क विकून कोट्यधीश होण्याची संधि चालून आली असतां ते हक्क त्यांनीं विद्यापीठाला एकेका डॉलरास देऊन टाकले. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. आपण त्या दिवशीं बालदिन पाळतों, आणि जग मधुमेह दिन पाळतें.

बँटिंगच्याच वर्गांत नॉर्मन बेथ्यून नांवाचा, एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याचा मुलगा शिकत होता. तोहि १९१६ चाच डॉक्टर. स्पेनच्या यादवीयुद्धांत रणांगणावर रक्त नेऊन पोंचविण्याची व्यवस्था त्यानें केली, १९३८ सालीं तो चीनमध्यें गेला, आणि जखमी सैनिकावर शस्त्रक्रिया करतांना बोट कापून रक्त विषारी झाल्यामुळें नोव्हेंबर १९३९ मध्यें तेथेंच मरण पावला. त्याच्या नांवानें जें इस्पितळ चिनी सैन्यानें उघडलें, त्याचे प्रमुख १९४१ सालीं कोण झाले? आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. तेहि ९ डिसेंबर १९४२ रोजीं त्याच भूमींत वारले. टोरांटोच्या वर्गांत सुरू झालेलें काम सोलापूरच्या मनुष्यानें पुढें चालविलें, ही गोष्ट आपल्या मुलांस फारशी ठाऊक नसते.

विद्यापीठाच्या इतर कर्तबगार मंडळींची यादी येथें देत बसत नाहीं. देशाचे पंतप्रधान व १९५७ चे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी लेस्टर पिअर्सन हे व्हिक्टोरिया कॉलेजाचे विद्यार्थी. रसायनशास्त्राचें १९८६ चें नोबेल जॉन पोलानी ह्यांस मिळालें. आणि ज्या 'कृत्रिम बुद्धिमत्ते'चा हल्लीं सर्वत्र गाजावाजा चालला आहे, तिचा पाया घालणाऱ्यांपैकीं जेफ्री हिंटन ह्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल २०२४ सालीं मिळालें, तेहि येथीलच अध्यापक. महाराष्ट्राचा अभ्यासहि तेथें झालेला आहे. महाराष्ट्रांतील धर्म व समाज ह्यांवरील एक निबंधसंग्रह मिल्टन इस्रायल व न. के. वागळे ह्यांच्या संपादकत्वाखालीं ह्याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया केंद्रानें १९८७ सालीं प्रसिद्ध केला.

इंजिनियर होऊं इच्छिणाऱ्यांसाठीं एक गंमत सांगतों. कॅनडांत पदवी घेऊन बाहेर पडणारे इंजिनियर हाताच्या करंगळींत लोखंडाची साधी अंगठी घालतात. आपल्या चुकीनें माणसें मरूं शकतात, ह्याची ती आठवण. ही कल्पना टोरांटोचे प्रोफेसर हॉल्टन ह्यांची. आणि शपथविधीची संहिता लिहून दिली ती मुंबईंत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगनें. १९२५ पासून हा विधि चालूं आहे. कोसळलेल्या क्वेबेकच्या पुलाच्या लोखंडाच्या ह्या अंगठ्या करीत, अशी समजूत आहे. पण ती खरी नव्हे.

आतां व्यवहाराकडे वळूं. विद्यापीठाचीं तीन आवारें आहेत. शहराच्या मध्यभागीं सेंट जॉर्ज, पश्चिमेस मिसिसॉगा व पूर्वेस स्कारबरो. मागचीं दोन १९६० नंतरच्या दशकांत निघालीं. तिन्हींत मिळून विद्यार्थी सुमारे एक लाख. अर्ज करतांना आवार कोणतें हें डोळे उघडून पाहावें, कारण अभ्यासक्रम निरनिराळे असतात. बारावीचे गुण उत्तम पाहिजेत, आणि ज्या विषयाची पदवी घ्यावयाची त्याला लागणारे विषय बारावीस असलेच पाहिजेत. गणित सोडून दिलेल्या मुलास इंजिनियरिंगचें दार बंद. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांस इंग्रजीची मान्य परीक्षा द्यावी लागते. त्यास भिण्याचें कारण नाहीं. वर्षभर इंग्रजी वृत्तपत्र मोठ्यानें वाचणाऱ्या व रोज एक पान लिहिणाऱ्या मुलास ती जड जात नाहीं.

खरी अडचण पैशाची आहे, आणि येथें पालकांनीं थोडें थांबून वाचावें. विदेशी विद्यार्थ्यास मुख्य आवारांतील कला व शास्त्र शाखेच्या पदवीची फी वर्षास ६०,००० कॅनेडियन डॉलरांहून अधिक पडते. इंजिनियरिंगची त्याहूनहि जास्त. त्याच बांकावर बसणाऱ्या आँटेरिओच्या मुलास ह्याच्या सुमारें दहावा हिस्साच द्यावा लागतो. वसतिगृह व भोजन ह्यांचे आणखी पंधरा ते पंचवीस हजार. डॉलरचा भाव साठ रुपये धरून हिशेब केला तर वर्षास पन्नास लाखांच्या घरांत, आणि चार वर्षांचे दोन कोटि रुपये होतात. शिवाय देशांत शिकण्याचा परवाना मिळण्यासाठीं पहिल्या वर्षाची फी सोडून राहण्याखाण्याची निराळी रक्कम जवळ असल्याचें दाखवावें लागतें. ही रक्कम १० हजार डॉलर होती, ती २०२४ च्या आरंभीं २०,६३५ झाली व सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ झाली. 'तेथें नोकरी करून फी भरीन' असें मुलें म्हणतात. वर्ग चालूं असतांना आवाराबाहेर आठवड्यास चोवीस तासांपर्यंत काम करण्याची परवानगी २०२४ पासून आहे. त्यांत जेवणाचा खर्च निघेल, फी निघणार नाहीं. हा हिशेब घरांत सर्वांनीं एकत्र बसून कागदावर मांडावा. कर्ज काढलें आणि मुलगा दुसऱ्या वर्षीं आजारी पडला तर काय, हेंहि त्याच कागदावर लिहावें.

मग गरिबाच्या मुलानें हा विचारच सोडावा काय? नाहीं. त्यास दोन वाटा आहेत. एक, पिअर्सन ह्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति. ती विदेशी विद्यार्थ्यांसाठींच आहे; चार वर्षांची फी, पुस्तकें व वसतिगृहाचा खर्च तींत येतो. दरवर्षीं साऱ्या जगांतून सुमारे ३७ विद्यार्थी निवडतात. तींत गुणांबरोबर मुलानें आपल्या शाळेंत व गांवांत काय केलें हेंहि पाहतात. दुसरी वाट अधिक लांबची पण अधिक भरंवशाची वाटते. पदवी येथेंच, आपल्या चांगल्या कॉलेजांत घ्यावी, मन लावून एखाद्या विषयांत पारंगत व्हावें, आणि मग पीएच. डी. साठीं तिकडे जावें. २०१८ पासून तेथें बहुतेक विदेशी पीएच. डी. विद्यार्थ्यांस देशी विद्यार्थ्यांइतकीच फी पडते, आणि संशोधन करणाऱ्यास विद्यापीठच निर्वाहासाठीं पैसे देतें. ज्या बापास दोन कोटि रुपये उभे करणें अशक्य, त्याच्या मुलीस ह्या वाटेनें त्याच ग्रंथालयांत व त्याच प्रयोगशाळेंत बसतां येतें. ही गोष्ट दलाल सांगत नाहींत, कारण तींत त्यांची दलाली नसते.

दलालांचा विषय निघाला म्हणून सांगतों. २०२३ सालीं भारतांतून, विशेषतः पंजाबांतून गेलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचीं प्रवेशपत्रें बनावट असल्याचें उघड झालें. मुलें निरपराध, दलालानें पैसे घेऊन खोटीं पत्रें दिलेलीं. देशाबाहेर घालविण्याच्या नोटिसा त्या मुलांस आल्या. पुढें जानेवारी २०२४ मध्यें कॅनडा सरकारनें विदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली, आणि पदवीसाठीं जाणाऱ्यास प्रांताचें संमतिपत्रहि लागूं लागलें. म्हणून अर्ज स्वतः करावा, पत्र आलें म्हणजे तें खरें कीं खोटें ह्याची विद्यापीठाच्या कचेरीकडेच चौकशी करावी, आणि कॉलेजाच्या नांवांत 'टोरांटो' हा शब्द आहे एवढ्यावरून तें हेंच विद्यापीठ असें समजूं नये.

तेथील राहणीविषयीं दोन शब्द. जानेवारींत पारा शून्याखालीं जाऊन दिवसचे दिवस वर येत नाहीं, आणि सायंकाळीं पांचच्या सुमारास काळोख पडतो. पहिल्या वर्षाचे कांहीं वर्ग इतके मोठे कीं ते दीक्षान्त सभागृहांत भरतात. हजाराहून अधिक मुलें समोर असतां प्रोफेसर तुमचें नांव ओळखतील ही आशा नको. शाळेंत पहिला येणारा मुलगा तेथें साधारण ठरतो, गुण पडतात, घरीं सांगण्याची लाज वाटते, आणि तो एकटा होतो. २०१९ सालीं तेथील विद्यार्थ्यांनींच मनाच्या दुखण्यांसाठीं पुरेशी मदत मिळावी म्हणून निदर्शनें केलीं होतीं. तेव्हां हें नाजूक मुलांचें खूळ आहे असें पालकांनीं समजूं नये. दर आठवड्यास फोनवर गुण विचारण्यापेक्षां काय जेवलास हें विचारावें. शहरांत आपलीं माणसें पुष्कळ आहेत. मराठी मंडळींचे गणेशोत्सव होतात. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांची वस्तीहि मोठी असून त्यांतील कित्येक १९७२ सालीं युगांडांतून बाहेर पडावें लागल्यामुळें तिकडे आलेलीं आहेत.

पिअर्सन शिष्यवृत्तीविषयीं शेवटची गोष्ट. तिच्यासाठीं विद्यार्थ्यानें स्वतः अर्ज करून भागत नाहीं. शाळेनें त्याचें नांव सुचवावें लागतें, आणि एका शाळेस एकच नांव सुचवितां येतें. हीं नांवें बारावीच्या वर्षीं ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे दिवाळीची गडबड असते तेव्हां, पाठवावीं लागतात. ज्यांच्या मनांत असेल त्यांनीं अकरावीची परीक्षा संपतांच मुख्याध्यापकांस भेटावें.